मॅडम परीक्षेला बसल्या

डॉ. सुलभा वाघमोडे यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची आणि माझी पहिली भेट बारामतीच्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सरावाच्या एका रबरी हातासमोर झाली. मी त्यात सुई खुपसली, तोच मागून आवाज आला, "त्यांना सांगितलंस का, टोचतोय म्हणून?" "मॅडम, हे रबर आहे," मी हसून म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत.

पुतळे आणि रुग्णाची भूमिका करणारी माणसे यांच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत आमच्याकडे मॅडमनी रुजवली. आम्हाला ते सगळे नाटकी वाटे. त्यात मी नापास झालो. फेरपरीक्षेतही तसेच झाले असते, तर डॉक्टर होणे सहा महिने लांबले असते. आम्ही काही जण तावातावाने त्यांच्याकडे गेलो. वेळ संपल्याची घंटा फार लवकर वाजते आणि तपासणीआधी 'हात धुतले' असे नुसते तोंडी सांगितलेले चालावे, हे आमचे म्हणणे. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "उद्या मी परीक्षेला बसते. गुण तुम्ही द्या."

दुसऱ्या दिवशी रुग्ण होते कन्हेरीचे शिवाजीतात्या. छातीत दुखण्याची भूमिका त्यांना मॅडमनीच शिकवलेली. मॅडमनी हात धुतले, नमस्कार केला आणि काय होतंय ते विचारले.

"आता कसं सांगावं," तात्या रंगात आले, "परवा इंदापूरला पावण्यांकडं गेलो हुतो. तितं जेवाण झालं, मग..."

मॅडमनी त्यांना तोडले नाही. तात्या छातीपर्यंत पोहोचले आणि घंटा वाजली. तपासणी राहूनच गेली.

गुण देण्याची पाळी माझी होती.

"सांग," मॅडम म्हणाल्या.

"नापास, मॅडम," मी म्हणालो.

"माझ्यामुळं झालं व्हय?" तात्या ओशाळले.

"नाही तात्या, तुम्ही चोख केलंत. आपल्याकडची माणसं अशीच बोलतात," म्हणत मॅडम आमच्याकडे वळल्या. "वेळ वाढवू. हात मात्र धुवावेच लागतील."

माझा निकाल त्यांनी बदलला नाही. पण फेरपरीक्षेपर्यंत रोज दुपारी, स्वतःचा डबा बाजूला ठेवून, त्यांनी माझा सराव घेतला. त्या जिव्हाळ्यावर मी उत्तीर्ण झालो.

आता मीही शिकवतो. विद्यार्थ्यांकडून 'नापास' ऐकून घ्यायला केवढे काळीज लागते, ते आता कळते. माझ्याच्याने ते अजून झालेले नाही. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि "तुमचं चुकतंय" असे तोंडावर सांगणारे विद्यार्थी त्यांना दर वर्षी भेटत राहोत.