डावीकडचा स्पीकर

त्या वर्षी आमच्या घरातले दोन आवाज बारीक झाले. एक डाव्या स्पीकरचा, दुसरा माझ्या बायकोचा. मी पहिल्याच्या मागे हात धुऊन लागलो. दुसऱ्याबद्दल आईनं मला समोर बसवून सांगितलं होतं, "ईस्टर झाला की ती राजोडीला जाते म्हणतेय, माहेरी. परत कधी येणार विचारलं तर बोलत नाही. तू विचार तिला." विचारतो म्हणालो. पण तेव्हा टेबलावर ॲम्प्लिफायर उघडा पडला होता, आणि उघडा ॲम्प्लिफायर टाकून उठणं मला आजही जमत नाही.

हा नाद लागला कसा, ते आधी सांगतो. मी मुंबईजवळच्या सांडोर गावचा. वाडीतल्या केळींपेक्षा मला तारा जास्त कळायच्या, म्हणून मुंबईत एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात चिकटलो. तिथं भंगारातल्या एका रेडिओचा स्पीकर हाती लागला. नुसता हातात धरून वाजवला तर चिं चिं करायचा. गंमत म्हणून घरी आईच्या रिकाम्या माठाच्या तोंडावर ठेवला आणि अख्खी पडवी घुमली. स्पीकर तोच, गाणं तेच, मग हा जादा आवाज आला कुठून? माठात तर हवेशिवाय काही नव्हतं. या प्रश्नानं मला जे धरलं ते धरलंच. लहान माठ, मोठा माठ, तेलाचा डबा, पत्र्याचं पिंप, सगळ्यांच्या तोंडावर स्पीकर ठेवून झाला. माठात आधी शेरभर, मग चार शेर तांदूळ ओतून आवाज कसा चढतो तेही पाहिलं. आई म्हणाली, "तांदूळ शिजवायला आणलेत की वाजवायला?"

पुढं मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडची, रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजाराची, ओळख झाली आणि मी कामातून गेलो. दर शनिवारी अर्धा दिवस भरला की तिथल्या फुटपाथवर उकिडवा बसून ट्रान्झिस्टर निवडायचो. ट्रान्सफॉर्मर मी घरी गुंडाळायचो, तारेचा एकेक वेढा मोजत, आणि मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि माझं डोकं फिरायचं. त्यामुळं मला एक सवय लागली. काम करताना कुणी काहीही बोललं तरी मान वर न करता "हं" म्हणायचं. हं म्हटलं की माणूस जातो आणि वेढ्यांचा आकडा शाबूत राहतो. मोठी सोयीची सवय, असं मला वाटायचं.

लग्न झालं तोवर पडवीत माझे दोन खोके उभे होते, कमरेएवढे, जाड प्लायवूडचे. प्रत्येकात जाड आवाजाला बारा इंची वूफर, बारीक आवाजाला छोटा ट्विटर. खोक्याच्या आत कापूस भरावा लागतो, नाहीतर आवाज आतल्या आत आपटून घाण होतो. बायको माहेरून सावरीच्या कापसाच्या दोन उश्या घेऊन आली होती, तिच्या आईनं स्वतः भरलेल्या. त्यातली एक मी खोक्यात भरली. न विचारता नाही हं. मी तिला विचारलं होतं. ती काहीतरी म्हणाली होती. मी ते होच समजलो.

लोक यायचे ऐकायला. बँडवाले यायचे, शाळेतले मास्तर यायचे. कुणाचा रेडिओ खरखरला, कुणाचा टेपरेकॉर्डर दबका वाजला की निरोप माझ्याकडेच. मी डोळे मिटून ऐकायचो आणि सांगायचो, अमुक कंडेन्सर गेलाय. निघायचाही तोच. माझ्या कानावर गावाचा विश्वास होता आणि माझा तर गावापेक्षा जास्त. काम करताना उजव्या हातात तापलेली सोल्डरिंगची इस्त्री असायची, म्हणून मी डावीकडून वाकून डावा कान ट्विटरला लावायचो आणि आवाज पूर्ण चढवून कुठं खरखर आहे का ते टिपायचो. सात-आठ वर्षं असंच. दुसरी पद्धत सुचलीच नाही.

तर त्या वर्षी उपवासकाळ लागला. आमच्याकडे ईस्टरपर्यंतचे ते चाळीस दिवस लग्नं नसतात, बँड नसतो आणि घरातही मोठ्यानं काही वाजवायचं नसतं. आईचा हुकूम होता, वाजव, पण शेजारी कळता कामा नये. म्हणून मी हळू वाजवू लागलो, आणि हळू वाजवताच लक्षात आलं की डावा स्पीकर मेलाय. वूफर गुरगुरत होता, पण झांज, व्हायोलिन, बाईच्या गळ्याची धार, सगळं उजवीकडं. आता मोठ्यानं वाजवताना हे कसं कळलं नाही? मला मोठा उल्हास वाटला. बिघाड सापडला की मला सण असतो.

बिघाड शोधायची आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड जागा सोडतो का ते पाहायचं. मी ॲम्प्लिफायरच्या दोन्ही तारा उलटसुलट केल्या. बिघाड डावीकडंच. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. मग मी खोकेच उचलले, डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. तरी बिघाड डावीकडंच! म्हणजे खोकेही निर्दोष. आता खोलीशिवाय उरलं काय? माझ्या टेबलाच्या उजवीकडं भिंत होती आणि डावीकडं स्वयंपाकघराचं दार. झालं तर. बारीक आवाज त्या दारातून आत निघून जातोय.

मी बायकोला सांगितलं, मी ऐकायला बसलो की ते दार लावून घेत जा. ती दारात, माझ्या डाव्या हाताला उभी होती. काहीतरी बोलली. मी हं म्हणालो. तिनं दार लावलं. दुसऱ्या दिवशी मी त्या दारावर एक जुनी गोधडीही ठोकली. आई म्हणाली, "दोन्ही खोके सारखेच बोंबलतायत, तुझंच काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. मग आईनं ती माहेरी जाण्याची गोष्ट पुन्हा काढली. म्हणाली, "तुला कितीदा सांगायचं? या कानानं ऐकतोस, त्या कानानं सोडतोस."

ईस्टर झाला. पहिल्याच रविवारी लग्नं धरलेली, आणि नायगावच्या माझ्या मित्राची जुनी फियाट नवरानवरीसाठी ठरली होती. त्याचं खाडीकडं गॅरेज होतं. गल्फहून आलेला एक कॅसेट डेक त्यानं पैदा केला होता आणि गाडीत असा आवाज हवा होता की बँडवाल्यांनी बाजूला व्हावं. बायको सोमवारी जाणार होती. मी मनाशी म्हटलं, रविवार उरकला की तिच्याशी बोलतो.

शनिवारी रजा टाकून सकाळीच गाडीच्या कामाला लागलो. मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडून दोन स्पीकर बसवले, डिकी हाच त्यांचा खोका. बारा व्होल्टच्या बॅटरीवर एवढी ताकद आणायची म्हणजे एकेका स्पीकरला दोन-दोन ॲम्प्लिफायर जोडावे लागतात, ती कसरत मी घरूनच करून आणली होती. पुढच्या लांब सीटवर मधोमध बसून मी टेप लावली. जाड आवाज असा आला की गॅरेजच्या पत्र्याचे खिळे वाजले. मग मी आवाज कमी केला. डावीकडं बारीक आवाज नाही.

मी तसाच बसून राहिलो. ॲम्प्लिफायर नवे, स्पीकर नवे, तारा नव्या. गाडीला स्वयंपाकघराचं दार नव्हतं. मित्राला बोलावलं. तो म्हणाला, "दोन्हीकडून झकास येतंय." मी म्हटलं, तुझे कान डिझेलनं भरलेत.

मागच्या तारा पाहाव्यात म्हणून मी सीटवर गुडघे टेकले आणि पाठमोरा झालो. टेप चालूच होती. आणि जो स्पीकर मेला होता तो वाजू लागला. झांज, व्हायोलिन, सगळं स्वच्छ. आता दुसरा मेला होता. मी पुढं तोंड केलं. बिघाड जागेवर. मागं वळलो. बिघाड दुसऱ्या बाजूला. पुढं, मागं, पुढं, मागं. मित्र खिडकीशी येऊन म्हणाला, "काय रे, कोनाला शोधतोस आत?"

मी टेप बंद केली. हातातलं घड्याळ काढलं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, चावीचं. उजव्या कानाला लावलं, टिकटिक. डाव्या कानाला लावलं. काही नाही. कानावर दाबून धरलं, तरी काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं दीड महिना मी तारा, खोके, भिंती, दारं बदलत होतो आणि बदलायची राहिलेली एकच वस्तू त्या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर बसलेली होती. खरं सांगतो, पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. रीत बरोबर निघाली, याचंच बरं वाटलं.

मग खाडीच्या बांधावरून सायकल हाणताना एकेक आठवत गेलं. टेबलाच्या डावीकडं स्वयंपाकघराचं दार. त्या दारातून ती चहा आणायची आणि डावीकडंच उभी राहायची. जेवायलाही ती डावीकडं. आवाज तिचा जात्याच हळू, राजोडीच्या समुद्राजवळ वाढून इतका हळू कसा, असं आई तिला चिडवायची. मी पायडल मारायचं विसरलो आणि सायकल बांधावरून खाली गेली.

घरी आलो तर ती ट्रंकेत साड्या घालत होती. मी स्टूल ओढून तिच्या डाव्या हाताला बसलो, म्हणजे ती माझ्या उजवीकडं आली. म्हटलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही." तिनं माझ्याकडं पाहिलं. नवी थाप, असंच तिला वाटलं असणार. मग तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडवून घेतलं आणि म्हणाली, "डोळे मिटा." मी मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवीकडं टिकटिक आली आणि तिचा आवाज आला, "इतका वेळ डाव्या कानाला धरलं होतं."

ती तिथंच खाली बसली. म्हणाली, "म्हणजे मी चहा ठेवताना बोलायची ते?"

"काय बोलायचीस?"

"काहीही. राजोडीच्या शाळेतून शिकवायला बोलावणं आलंय, जाऊ का, हे विचारलं. उशी नका फाडू म्हणाले, आईनं भरलीय. तुम्ही हं म्हणालात आणि फाडलीत." मग एक साडी ट्रंकेत ठेवत म्हणाली, "दार लावायला सांगितलंत त्या दिवशी मी विचारलं, मी माहेरी गेले आणि परत आलेच नाही तर चालेल का. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत. हं म्हणालात."

कान गेला याचं जे वाटायला हवं होतं ते मला तेव्हा वाटलं, पण कानासाठी नव्हे, तिच्यासाठी. मी म्हटलं, चुकलो. कान आता गेला असेल, पण हं म्हणायची खोड कानाची नव्हती, ती माझीच. ती उठली, फिरून माझ्या डावीकडं जाऊन उभी राहिली. सावलीची मान हलली, त्यावरून कळलं की ती काहीतरी बोलतेय. हं माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला, स्टूल फिरवलं, तिच्याकडं तोंड केलं आणि म्हटलं, "नाही ऐकू आलं. पुन्हा सांग."

"ट्रंक वरून बांधायला दोरी द्या म्हणाले."

दोरी मी दिली. सोमवारी ती गेलीच. रविवारचं लग्न दणक्यात झालं, गाडीतला आवाज मी मित्राच्या डिझेलच्या कानांनी जुळवून घेतला. डॉक्टरांनी कानाची शीर गेलीय म्हणून सांगितलं, ती काही परत येत नसते. दारावरची गोधडी मी काढून टाकली आणि टेबल ओढून दाराकडं तोंड करून मांडलं. मी रोज कामावरून आल्यावर त्या टेबलाशी बसायचो आणि काहीही उघडायचो नाही.

आठव्या दिवशी दुपारी ती आली. एका हातात ट्रंक, काखेत नवीकोरी उशी. शाळेचं काय ठरलं ते तिनं आईसमोर सांगितलं, जूनपासून रोज इथूनच शिकवायला जाणार होती. मी म्हटलं, जा. मग पानं वाढली. ती दरवेळच्या जागेकडं गेली, थबकली, पान उचललं आणि वळसा घालून माझ्या उजवीकडं येऊन बसली. भात कालवता कालवता म्हणाली, "ती उशी वाजवायची नाही."

"ऐकलं," मी म्हटलं.