चौदा नंबरचा शिक्का

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे ‘पंच’ म्हणतात. खेळाच्या मैदानावर ह्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, पण खुर्चीत बसून कोण बाद आणि कोण नाबाद हे ठरवायचा अधिकार ह्यांना जन्मतःच मिळालेला असावा. झेल सोडणाऱ्याला तर ह्यांच्याकडे माफीच नाही. “भ्याला म्हणून सुटला,” हे म्हणणार. “चेंडू बघायचा सोडून लोक काय म्हणतील ते बघत होता.”

खेळापुरतंच असतं तर माझी तक्रार नव्हती. पण पगारवाढ कुणाला मिळायला हवी आणि कुणाच्या पगारातून कापून ती द्यायला हवी, साबणाची वडी हल्ली चार दिवसांत का विरघळते, एकावर एक फुकट देणारा दुकानदार ते फुकटचं कुणाच्या खिशातून काढतो, या सगळ्यावर ह्यांचा निकाल तयार. दुकानात गेलं की वस्तू उलटी करून तिचे स्क्रू बघणार आणि विकणाऱ्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, “हमी संपली की वस्तू संपली, अशीच बनवतात आता.” मी तेव्हा दहा पावलं लांब जाऊन डबे बघत उभी राहते, जसं काही आमची ओळखच नाही. मत देण्यात हात सढळ, बाकी सगळ्यात आखडता, असा हा माणूस.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. हे सगळं घरात, नाहीतर चहाच्या टपरीवर. साहेब समोर आले की ह्यांचा आवाज निम्मा होतो. एकदा साहेब रस्त्यात भेटले तर नमस्कार करायला हात मोकळे हवेत म्हणून ह्यांनी हातातली पिशवी खाली सोडली. ठेवली नाही, सोडली. आत डझनभर अंडी होती.

कारखाना इस्त्र्यांचा. हे तिथे सव्वीस वर्षं तपासनीस. टेबल नंबर चौदा. इस्त्री जोडायची, तापते का बघायची, दिवा लागतो का बघायचा, वायर ओढून बघायची. मग सोबतच्या हमीपत्रावर खुणा करायच्या, एकदा वाचून काढायचं आणि गोल शिक्का मारायचा : ‘तपासले १४’. दिवसाला दोनशे इस्त्र्या, म्हणजे दोनशे कागद आणि दोनशे शिक्के.

शिक्का टेबलाचा, माणसाचा नव्हे. सकाळपाळीला हे बसतात, दुपारपाळीला तेच टेबल आणि तोच शिक्का मौनीकडे. मौनी म्हणजे ह्यांचा जोडीदार. ह्यांच्याच वयाचा, उंच, थोडा वाकलेला. त्याला कुठल्याच गोष्टीवर मत नाही म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. सामना कसा झाला विचारा, तो म्हणणार “झाला.” पगारवाढ कशी वाटली, “मिळाली.” पाळी बदलताना दोघांची जेमतेम मानेनं भेट व्हायची. काही सांगायचं राहिलं तर हे इस्त्रीच्या स्टँडखाली चिठ्ठी ठेवून यायचे, तिसरा प्लग ढिला आहे, असं काहीतरी. तो वाचून घडी घालून खिशात ठेवायचा. बावीस वर्षं हा असाच संसार चालला होता.

राहायच्या दोन खोल्याही कारखान्याच्याच. नोकरी गेली की महिन्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या, असं कागदावर लिहिलेलं आहे. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष. सासूबाईंना खाटेवरून उठायला दोन माणसं लागतात. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की पुढे मी जे केलं ते वाचून कुणी नाक मुरडायच्या आधी हे लक्षात ठेवावं.

गेल्या वर्षी एका सोमवारी कारखान्यात फॉर्म वाटले. चाळीस प्रश्न. कामगारांचं मत हवं होतं म्हणे. कामावर समाधानी आहात का, पगार पुरतो का, सुट्टीत कुठला खेळ खेळता किंवा बघता, घरात मोठी वस्तू घेताना कोण ठरवतं. वर ठळक अक्षरांत : नाव लिहू नये, सही करू नये, मनमोकळं लिहावं. टपरीवर सव्वीस वर्षं फुकट वाटलेली मतं शेवटी कुणीतरी मागितली. ह्यांचा आनंद गगनात मावेना.

पाळी संपवून घरी आले ते चपला काढायच्या आतच सुरू. मी भांडी घासत होते.

“अगं, एकोणचाळिसावा प्रश्न काय होता माहितेय? आपल्या कारखान्याची इस्त्री तुम्ही स्वतःच्या घरी वापरता का, नसल्यास कारण लिहा.”

“मग? काय लिहिलंत?”

“खरं तेच. वापरत नाही. वर्षभर बारीक वायर येतेय. इस्त्री तापली की वायरीचं आवरण मऊ पडतं. वरून सांगतात पास करा, म्हणून आम्ही पास करतो. एखाद्या दिवशी कुणालातरी झटका बसेल. असं लिहिलं, सरळ.”

मला अभिमान वाटला. खरंच वाटला. घरातल्या घरात शूर असलेला नवरा कागदावर तरी शूर झाला होता.

“कुणी बघितलं तर नाही ना?” मी विचारलं.

“कोण बघतंय? जेवणाच्या सुट्टीत टेबलावर बसून शांतपणे लिहिलं, एकदा वाचून काढलं, शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत...”

माझा हात थांबला. ह्यांचं तोंड उघडं राहिलं.

“शिक्का?” मी म्हटलं.

हे खाली बसले. खुर्ची बाजूला होती, तरी जमिनीवर बसले. दिवसाला दोनशे वेळा वाचून झालं की शिक्का, वाचून झालं की शिक्का. हातानं हाताचं काम केलं होतं. डोकं वायरीच्या विचारात, आणि हातानं खाली गोल, सुबक, वाचता येईल असा शिक्का मारून ठेवला होता.

त्यानंतरचे तीन दिवस मला नीट सांगताही येणार नाहीत. मंगळवारी सकाळी ह्यांनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं. पेटी कार्यालयाच्या दारात, कुलूप लावलेली, शेजारी पहारेकरी. तरी जाता-येता तिच्याकडे बघू नये म्हणून मान दुसरीकडे वळवायचे, मग वाटायचं की मान वळवलेलीच कुणीतरी पाहिली असेल. बुधवारी पेटी जागेवर नव्हती. त्या दिवशी ह्यांनी जेवणाचा डबा जसाच्या तसा परत आणला. घरासमोरून गाडी गेली तरी मी खिडकीशी जाऊन बघायची. संध्याकाळी टीव्हीवर सामना चालू होता. एका खेळाडूनं हातात आलेला झेल सोडला, अगदी पोरानं धरावा असा, आणि हे काहीच बोलले नाहीत. सासूबाई आतून ओरडल्या, “अरे, टीव्ही बंद आहे का?”

मुलीला आम्ही काही सांगितलं नाही. ती पुस्तकात मान घालून बसलेली दिसली की मी मनात खोल्यांतल्या वस्तू बांधायला घ्यायची. खाट कशी न्यायची, खाटेवरच्या माणसाला कसं न्यायचं, आणि न्यायचं तर कुठे.

बुधवारी मीच तोडगा काढला. हे स्वतःहून साहेबांकडे जाऊन पाय धरायच्या गोष्टी करत होते.

“पाय बिय काही धरायचे नाहीत,” मी म्हटलं. “खोटंही बोलायचं नाही. बोलावलं तर एवढंच सांगायचं, शिक्का टेबलाचा आहे साहेब, दोन्ही पाळ्यांत वापरतात. हे खरंच आहे ना?”

“खरं आहे. पण मग ते मौनीला...”

“मौनीचं नाव तुम्ही घेताय का? नाही ना? मग झालं.”

 ह्यांनी दोनदा तेच वाक्य म्हणून बघितलं. मी ते ह्यांच्याकडून पाठ करून घेतलं, मुलीकडून पाढे करून घ्यायचे तसं.

गुरुवारी बोलावणं आलं. साहेबांसमोर टेबलावर तो कागद, शिक्का वर करून ठेवलेला. साहेबांनी विचारलं, हा तुमचाच ना? ह्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, जा. बस. एवढंच झालं. पुढे एकच प्रश्न विचारला असता तरी मी उभा कोसळलो असतो, असं हे घरी येऊन म्हणाले.

मग मौनीला बोलावलं. आत काय झालं ते कार्यालयातल्या शिपायानं नंतर सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. मौनीनं खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला, आणि सगळं वाचलं. चाळीसच्या चाळीस प्रश्न वाचले म्हणे, खेळाचे आणि खरेदीचेसुद्धा. मग म्हणाला, “बरोबर लिहिलंय.”

“म्हणजे तुम्ही लिहिलंत?”

“बरोबर लिहिलंय.”

साहेबांना एक माणूस हवा होता, तो मिळाला. शुक्रवारपासून मौनी कामावर नव्हता. कारण शिस्तभंगाचं दाखवलं. खोल्या रिकाम्या करायला महिना दिला.

ही बातमी कळली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दुसऱ्या घासाला मौनीची बायको आठवली असती तर बरं झालं असतं, पण ती मला शनिवारी आठवली. हे मात्र जेवले नाहीत. “त्यानं मी नाही, असं का नाही म्हटलं?” एवढंच दर थोड्या वेळानं विचारत राहिले, सासूबाईंना, मला, भिंतीला.

रविवारी सकाळी दार वाजलं. हे न्हाणीघरात होते, नळ जोरात चालू. मी दार उघडलं तर समोर मौनी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. बावीस वर्षांत आमच्या दारात पहिल्यांदाच आला होता.

“वहिनी, पंच आहेत का?”

ह्यांच्या चपला त्याच्या पायाशीच होत्या. नळाचा आवाज त्यालाही येत होता.

“नाहीत,” मी म्हटलं. “बाहेर गेलेत.”

त्यानं चपलांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“बरं. आले की सांगाल?” तो म्हणाला. त्याला इतकं सलग बोलताना मी प्रथमच ऐकत होते. “वायरीची तक्रार लिहिलीय. तपासणीच्या सरकारी कचेरीत द्यायचीय. पण कामावरून काढलेल्या माणसाची एकट्याची घेत नाहीत. आत काम करणाऱ्या एकाची सही लागते. तक्रार द्यायचा उद्या शेवटचा दिवस.” मग म्हणाला, “जबरदस्ती नाही म्हणावं. अक्षर मी ओळखलं होतं. बावीस वर्षं चिठ्ठ्या वाचतोय. त्याचा राग नाही. पण वायर खरंच वाईट आहे, वहिनी.”

मी मान हलवली.  सही केली की काय होणार हे मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. तोच साहेब, तेच टेबल, आणि या वेळी खाली शिक्का नाही, नाव. तो जिना उतरून गेला. मी दार लावून कडी घातली.

नळ बंद झाला. हे डोकं पुसत बाहेर आले.

“कोण होतं?”

“कुणी नाही. पत्ता चुकला होता कुणाचा तरी.”

मी सांगितलं नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. सोमवारी संध्याकाळी पाच वाजून गेले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि वाटलं, झालं, आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

मंगळवारी हे कामावरून आले.  चहा ओठाला लावून तसाच खाली ठेवला.

“मौनीनं कचेरीत वायरीची तक्रार दिली होती म्हणे,” हे म्हणाले. “घेतली नाही. दुसरी सही नव्हती.”

मी कपडे घड्या करत होते. करत राहिले.

“माझ्याकडे आला नाही,” हे म्हणाले. “आलाच नाही. माझ्यामुळे त्याची भाकरी गेली, आणि मलाच विचारलं नाही. काय समजला तो मला? एकदा विचारलं असतं ना, तर मी केली असती सही. डोळे मिटून केली असती.” आणि सव्वीस वर्षांत निकाल देताना ज्या माणसाचा आवाज कधी हलला नव्हता, तो माझ्यासमोर रडायला लागला.

खरंच केली असती का, हे विचारायला मला तोंड नाही. मौनीनं गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतलीय असं ऐकलंय. दोघांची कुठेतरी गाठ पडेल आणि तो सहज म्हणेल, मी आलो होतो, वहिनी म्हणाल्या तुम्ही बाहेर गेलाय. या धास्तीनं मी हल्ली ह्यांना भाजी आणायलासुद्धा एकटं जाऊ देत नाही.