नाला नाही, नरवा

नंदिनी नगरला ड्यूटीवर जाताना ती बाई मला रोज दिसायची. रस्त्याखालच्या उतारावर, पदर कमरेला खोचून, ती विळ्यानं पाण्यात माजलेली बेशरमाची झुडपं कापत असायची. पायात नवऱ्याचे असावेत तसे रेल्वेतले जुने बूट. बोलणं मात्र आमच्या नागपूरकडचं.

एकदा थांबून विचारलं, "मावशी, हा नाला कुठून येते?" ती कापतच राहिली. पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं मान वर केली.

"नरवा म्हण. इथले लोक ओढ्याले नरवाच म्हणतात. नाला म्हटलं का सारे कचरा आणून टाकतात."

मी नरवा म्हटलं. मग तिनं विळ्यानंच वाट दाखवली. वरच्या तलावातून निघतो, रेल्वेच्या पुलाखाली वळतो आणि पुढे शिवनाथ नदीला मिळतो.

परवा पाडकामाच्या मलब्यानं भरलेला ट्रॅक्टर तिथंच माझ्यापुढे थांबला. झाडीमुळे रस्त्यावरून पाणी दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं उतारावरच्या मावशीला विचारलं, "अम्मा, मलबा डालना है. नाला किधर है?"

"इधर कोई नाला नहीं है," वर न बघता ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ट्रॅक्टरच्या आवाजातही मला पाणी ऐकू येत होतं.

"नहीं है, भैया," मी म्हणालो, आणि ट्रॅक्टर मागे घ्यायला त्याला हात दाखवू लागलो.