ओटीतले चार दाणे

तपासणीला बाई यायच्या असल्या की मी आधी संडास घासते. स्वयंपाकघर तर कुणीही चकचकीत ठेवतं, पण सरकारी माणूस घराची लायकी संडासावरून ठरवतं असं माझ्या मनानं घेतलंय, आणि माझ्या मनानं एकदा घेतलं की मग ते निघत नाही. आमचे हे म्हणतात, "अवं, ते पोरगी पाहाले येऊन राहिले, संडास नाही." मी तिकडे दुर्लक्ष करते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या पाठीशी लहानपणापासून आहे. हल्ली तो वर्षातून एकदा फाईल घेऊन दारात उभा राहतो, एवढंच.

आमच्या घरी एक मुलगी राहते. ती आमची नाही. दत्तक नाही, नात्यातलीही नाही. तिची आई फार आजारी पडली, बाप कामाला म्हणून नागपूरकडे गेला तो परतलाच नाही, आणि आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून बाल कल्याण समितीनं तिला सांभाळायला आमच्याकडे दिलं. दिलं म्हणजे काही काळापुरतं. आम्ही तिला सांभाळायला अजून लायक आहोत का, हे समिती दर वर्षी बघते. तब्येती कशा आहेत, नवरा-बायकोचं पटतं का, पोरगी जेवते का, हसते का. पसंत पडलो तर आणखी एक वर्ष. नाही पडलो तर ती परत बालगृहात. पोटच्या लेकरांसाठी अशी परीक्षा कुणी घेत नाही. घेतली असती तर आमच्या कॉलनीतले निम्मे आईबाप नापास झाले असते.

ती आली तेव्हा पहिलीत होती. झोपताना चपला उशाशी ठेवायची. मी दोनदा उचलून दाराजवळच्या फळीवर ठेवल्या, तर सकाळी पुन्हा उशाशी. रागावणार होते, पण मग लक्षात आलं की आजवर तिला ज्यांनी कुठून कुठे नेलं त्यांनी आधी सांगितलं नसणार. चपला हाताशी असलेल्या बऱ्या. त्या दिवसापासून मी चपलांना हात लावला नाही. तिनं मला मौसी म्हणायचं असं ठरलं होतं, कारण आई तिला होती. मी ते इमानानं पाळलं. फक्त कधी कधी वेणी घालताना ती पेंगुळून मला भलतंच काही म्हणेल आणि पुढच्या तपासणीला तेच तिच्या तोंडून निघेल, या भीतीनं मी वेणी घट्ट ओढायचे.

पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि तपासणी महिन्यावर आली होती, तेव्हा तिच्या आईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. सिहोऱ्याला भावाच्या घरी ती राहायला गेली होती. समितीच्या परवानगीनं एक दिवस ती आमच्या घरी मुलीला भेटायला आली. सोबत आमच्याकडे नेहमी येणाऱ्या समाजसेविका होत्या. त्यांना आम्ही सगळे दीदीच म्हणतो. आई म्हणजे काडी झालेली पोर. माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. खुर्चीवर बसायला तयार होईना. मुलगी आधी माझ्या पाठीशी लपली, मग हळूहळू तिच्याजवळ सरकली आणि तिच्या हातातल्या बांगड्या मोजायला लागली. मी पोळ्या लाटत होते. मला ते बघवेना आणि न बघता राहवेना.

निघायची वेळ झाली. आता आमच्या घरात, विदर्भातून इथे हिंदी मुलखात येऊन तीन पिढ्या झाल्या तरी, बाईमाणूस घरून जाताना रिकाम्या पदरानं जात नाही. मी ताट केलं. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, निळा खण, वर एक रुपया. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला आणि ओटी भरली. तिला काही कळत नव्हतं हे मला दिसत होतं. पण कळायचं काय त्यात, असं मला वाटलं. इतक्यात दीदींचा फोन वाजला, सिहोऱ्याची बस निघून जाईल म्हणून त्या उठल्या, आणि सगळे घाईघाईनं बाहेर पडले. पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र ओटा पुसताना खुश होते. आपण फार चांगलं वागलो असं वाटत होतं.

चार दिवसांनी दीदींचा फोन आला. नेहमीचं "कैसी हैं आप" नाही.

"आपने उसकी माँ को क्या दिया था?"

मी सांगितलं.

"पैसा भी?"

"एक रुपया, दीदी. शगुन का."

मग त्या म्हणाल्या की आई समितीकडे गेली आहे. सिहोऱ्यातल्या बायकांनी तिला सांगितलं की बिनालेकराच्या बाईनं कपडा, नारळ आणि पैसा पदरात टाकला म्हणजे सौदा झाला. पोरगी आता त्यांची. दीदी स्वतः तिथे हजर होत्या, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनाही तो प्रकार नेमका काय होता ते सांगता आलं नव्हतं. मुलीच्या घरच्यांना परस्पर काहीही द्यायचं नाही हा नियम होताच. तपासणी अलीकडे ओढली होती. पुढच्याच आठवड्यात आम्ही समितीपुढे जायचं होतं, मुलीला घेऊन.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. फोन ठेवून मी तिथेच बसले. बाहेरून पाहिलं तर सगळं कसं दिसतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मूल नसलेलं जोडपं, औषधालाही पैसे नसलेली आई, आणि तिच्या पदरात टाकलेला रुपया. मी समितीत असते तर मीच म्हटलं असतं की काढून घ्या पोरगी.

"काहून रडून राहिली तू?" हे म्हणाले. "आपण काय चोरी केली?"

"चोरी केली असती तर बरं झालं असतं. ती परत तर करता येते."

"चलो, पाणी पी. सांगू त्यायले नीट समजावून."

समजावून! यांना वाटतं जगातली सगळी माणसं बसून ऐकून घेतात. तो आठवडा मी कसा काढला ते मला धड आठवत नाही. दूधवाला आला तरी मी आधी खिडकीतून बघायचे. मुलीला आम्ही काही बोललो नव्हतो, पण लेकरांना वास येतो. तिनं दप्तरातली पुस्तकं काढून त्यात तिचे दोन फ्रॉक आणि तिलवाऱ्याच्या घाटावर यांनी घेऊन दिलेली प्लास्टिकची होडी भरून ठेवली होती. मी दप्तर उघडलं, पाहिलं आणि तसंच बंद केलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यावर चिडले, की इतक्या लवकर कशी तयारी केलीस म्हणून. मनातल्या मनातच, पण चिडले.

समितीची खोली म्हणजे लांब टेबल, टेबलापलीकडे तिघं-चौघं, मधे अध्यक्ष मॅडम. मुलीला शेजारच्या खोलीत एका ताईंनी बोलायला नेलं. दार बंद होताना तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिची आई आधीच येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. मांडीवर एक गाठोडं. मॅडमनी नाव पुकारलं तशी ती उठली, गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं.

माझी ओटी होती. सगळीच्या सगळी. निळा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, रुपया. तांदळाला तिनं हात लावला नव्हता. दवाखान्यातून उठलेली बाई, भावाच्या घरी उपऱ्यासारखी राहणारी, घरात शिजवायला काय असेल नसेल, आणि तिनं ते तांदूळ तसेच बांधून ठेवले होते.

"एक दाना नहीं खाया है, मॅडम," ती म्हणाली. "हमको नहीं मालूम था. हमने लड़की नहीं दी है. ये इनको वापस कर दो."

मी भाषण तयार करून आले होते. आमच्यात अशी पद्धत आहे, आमचं मन साफ आहे, शेजाऱ्यांना विचारा. त्यातला एक शब्द तोंडातून निघेना. आठवडाभर मी समजत होते की या सगळ्यात भ्यालेली मी एकटीच आहे. आणि ही बाई तेवढे दिवस ते तांदूळ समोर ठेवून बसली होती, आपण लेक विकली या भीतीनं. मला इतकी शरम वाटली की ती भीतीच्याही वर गेली.

"आपको कुछ कहना है?" मॅडम मला म्हणाल्या.

मी उठले. समितीशी बोलायचं सोडून मी तिच्याशीच बोलले. "हमारे यहाँ ये दाम नहीं होता, बेटा. मायके से लड़की निकलती है ना, तब ऐसे भरते हैं. तुम बीमारी से उठी थी. मुझे लगा खाली कैसे भेजूँ." ती माझ्याकडे बघतच नव्हती. "और एक चीज़ मैं भूल गई. जाने वाली इसमें से चार दाने निकाल के वहीं छोड़ती है. मतलब मैं फिर आऊँगी, ये घर मेरा छूटा नहीं. वो तुमसे करवाना था. बस की जल्दी में रह गया."

मॅडमनी गाठोड्याकडे बोट केलं. "तो ये सामान आप वापस लेंगी?"

ओटी परत घेत नाहीत. घेतली तर अपशकुन. पण नाही म्हटलं तर सौदा पक्का केल्यासारखं, आणि हो म्हटलं तर चूक कबूल केल्यासारखं.

"चार दाने लूँगी," मी म्हटलं. "बाकी उसका है."

मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "और लड़की?"

हे तिनं विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजवर हा प्रश्न मला सरळ कुणी विचारलाच नव्हता. कागदांवर सह्या केल्या होत्या, नियम पाठ होते, मौसी म्हणायला मीच शिकवलं होतं. पण तोंडानं म्हणायची वेळ आली नव्हती.

"लड़की तुम्हारी है," मी म्हटलं.

विश्वास बसला असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि बसावा तरी का. पण तिनं चिमटीत आले तेवढे तांदूळ उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मी मूठ बंद केली.

नंतर बरीच विचारपूस झाली, यांना, मला, दीदींना. शेवटी मॅडमनी आईला विचारलं की मुलगी तुला कुठे राहायला हवी. ती म्हणाली, "दवा चल रही है अभी. ठीक हो जाऊँ तब तक इनके पास." आम्हाला आणखी एक वर्ष मिळालं, वर कडक तंबी, की यापुढे न विचारता सुपारीसुद्धा द्यायची नाही. घरी आल्यावर मुलीनं दप्तरातून होडी काढली. चपला मात्र आणखी बरेच दिवस उशाशीच होत्या. मग कधीतरी त्या फळीवर गेल्या.

आता पुन्हा तपासणी आली आहे. आई दर महिन्याला येते. दीदींना विचारून मी ओटी भरते. रुपया ठेवत नाही, आणि जाताना ती आठवणीनं चार दाणे ताटात टाकते. तिची औषधं संपली आहेत. अंगावर मांस आलंय. सिहोऱ्याच्या मंडीत मटार निवडायचं काम मिळालंय, भावाच्या घराशेजारी तिनं वेगळी खोली घेतली आहे. परवा दीदींचा फोन आला, आनंदानं भरलेला. "इस बार आपका तो कुछ देखना ही नहीं है. माँ का घर देख आए हम. बहुत अच्छा रखा है." मीही म्हटलं, "अच्छा. बहुत अच्छा." आणि खरंच मला बरं वाटलं, अगदी खोटं नाही. पण मागच्या वेळी भीती होती की आम्ही लायक नाही असं ठरेल. या वेळी भीती आहे की आम्ही लायक आहोत, पण आता आमची गरज नाही, असं ठरेल. या भीतीवर काय घासावं ते मला माहीत नाही. म्हणून आज सकाळी मी संडासच घासायला घेतला.

मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिला काही सांगितलेलं नाही, पण लेकरांना वास येतो हे मी मघाशी म्हटलंच.

"मौसी, मी जाईन तेव्हा माझी पण ओटी भरशील ना?"

"भरीन."

"मग मी पण दाणे टाकीन. चारच टाकावे लागतात?"

"चारच."

मग म्हणाली, "जास्त टाकले तर लवकर येता येते का?"

"चपला घाल पायात, फरशी ओली आहे," असं म्हणून मी ब्रश उचलला, आणि जे आधीच घासून झालं होतं ते पुन्हा घासू लागले.