पुलाच्या अलीकडचं वर्ष

तेलो आंचोंदो माझ्या परसातल्या खोलीत भाड्याने राहायचा तेव्हा त्याचं वय चाळीस होतं, वजन विचारू नये इतकं होतं आणि लग्न झालेलं नव्हतं. लग्न न होण्याचं कारण त्याची आई आहे असं शेजारी म्हणत. मी म्हणायची, कारण आईच्या हातचा रस्सा आहे. दर रविवारी सकाळी हा बाबा पूल ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेसला आईकडे जायचा आणि रात्री पोट धरून परत यायचा. आता आमच्या एल पासोत यात कुणाला काही नवल वाटत नाही. नदीच्या या, अमेरिकेच्या बाजूला आम्ही कमावतो, आणि दात काढायला, केस कापायला, चष्मा करायला, आपल्या मेलेल्यांना फुलं घालायला त्या बाजूला जातो. पूल ओलांडणं म्हणजे परदेशी जाणं असं आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

तेलो अक्रोड फोडायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. माणूस मंद, पण हात सोन्याचे. कंपनीनेच त्याला ग्रीन कार्ड काढून दिलं होतं. त्याला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा मालकाने बोलावून सांगितलं की यंत्रं आता चिलीत विकायची आहेत, तिथे दोन वर्षं राहून ती बसवून दे. पगार दुप्पट. तेलो उड्या मारत घरी आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, दोन वर्षं बाहेर राहिलो तर नागरिकत्वाची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतील."

"मग मोजू देत. तुला घाई कसली?"

"आईला आणायचंय ना."

तेव्हा मला कळलं. कार्डवाल्या मुलाला आई आणता येत नाही, नागरिक झालेल्यालाच येते. आणि हर्मिनियाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, नुसतं भेटायलासुद्धा इकडे येता येत नव्हतं. त्यांचा पूल ओलांडायचा पास संपला होता. नवा मागायला गेल्या तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, तिकडून परत याल याची खात्री काय? त्या म्हणाल्या, "तुमच्या गावात राहण्यासारखं काय आहे ते आधी सांगा." पास मिळाला नाही. एकटी बाई, गुडघे गेलेले, घराचं छप्पर गळकं. तेलोने मनाशी धरलं होतं की कागद हातात आला की आईला एकदम सांगायचं आणि इकडे घेऊन यायचं.

"तिला विचारलंयस का?" मी म्हटलं.

"यात विचारायचं काय, मावशी?"

मुलगे असेच असतात. माझेही तसेच आहेत.

आम्ही बाएसा वकीलबाईंकडे गेलो. मी सोबत गेले, कारण कागद दिसला की तेलो कुठेही सही करतो. बाईंनी सांगितलं की परदेशात कामाला जाताना इथलं वास्तव्य मोडलं असं धरू नये म्हणून एक अर्ज असतो. कंपनी अमेरिकन आहे, काम परदेशी व्यापाराचं आहे, सगळं बसतंय.

"फक्त एक अट आहे," त्या म्हणाल्या. "कार्ड मिळाल्यावर तुम्ही सलग एक वर्ष देशात असायला हवं. मध्ये खंड नको."

"झालंच की. दीड वर्ष इथेच आहे."

"कुठेच गेला नाहीत?"

"कुठे जाणार? घरून कामावर, कामावरून घरी."

"परवा रविवारी कुठे होतात?"

"आईकडे."

"आई कुठे असतात?"

"हुआरेसला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेलो, तो परदेश आहे."

"नाही हो बाई, ते आईचं घर आहे."

मी हातातली पर्स तोंडावर धरून हसले. बाईंना मात्र हसू आलं नाही. असे दहाबारा तेलो त्यांच्याकडे रोज येत असणार. एक दिवस नाही आणि एक पाऊलही नाही, त्या म्हणाल्या. पुलाच्या मध्यावर सरहद्दीची पाटी आहे, तिच्या पलीकडे गेलात की वर्ष पुन्हा सुरू.

यंत्रं तयार व्हायलाच वर्ष लागणार होतं, म्हणून मालक थांबायला कबूल झाला. आणि तेलोचं वर्ष सुरू झालं.

पहिल्याच महिन्यात कळलं की या माणसाला एल पासोत न्हावी कुठे बसतो तेही माहीत नाही. शोधून एकाकडे गेला आणि भाव ऐकून अर्धे केस घेऊनच उठायला निघाला. पुढे त्याचे केस मीच कापले, कोंबडी कापायच्या कात्रीने. दाढ दुखायला लागली तर लवंग चावत बसायचा आणि पुलाकडे बघायचा. आईचा फोन रोज.

"पूल पडला का?"

"नाही, आई."

"तुझे पाय गेले का?"

"नाही, आई. सरकारी काम आहे."

"सरकार रविवारी झोपतं. त्या बाईचं नाव सांग."

हर्मिनियाबाईंना पक्का संशय होता की मुलाला कुणीतरी नादी लावलंय. मी तशीही रक्तदाबाच्या गोळ्या आणायला पलीकडे जायचीच, तर तेलो म्हणाला, मावशी, जरा आईकडे डोकावून या. गेले. बाईंनी दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"माझ्या मुलाला बांधून ठेवणाऱ्या."

"अहो बाई, माझं वय काय, त्याचं काय."

"वयाचं काय घेऊन बसलात? वाईट सवय कधीही लागते."

पण जाताना त्यांनी माझ्या हातात एवढं मोठं पातेलं दिलं. आत तमालेस, मक्याच्या पानात बांधून वाफवलेले, अजून गरम. पातेलं उचलून मी पुलावरच्या रांगेत उभी राहिले. तपासणीला एक पोरगेलासा अधिकारी होता, आपल्यातलाच, आजी त्याचीही पलीकडेच असणार.

"आत काय आहे?"

"एका आईची माया आहे."

"मायेत डुकराचं मांस आहे का?"

होतं. जप्त झालं. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता, कारण वास त्यालाही येत होता. पुढच्या वेळी हर्मिनियाबाईंनी चीज आणि मिरची घातली, आणि वर निरोप दिला की सरकारला सांगा, तुमच्यामुळे माझ्या मुलाच्या अंगावरचं मांस उतरलं तर मी बघून घेईन. तेलोच्या अंगावरचं मांस उतरायला तसं एक वर्ष पुरलं नसतं. वर्षभर मी त्या दोघांची हमाल झाले. जाताना याचे निरोप, येताना तिचं पातेलं. मला कुणी विचारलं नाही की तेंचाबाई, तुमचे गुडघे कसे आहेत.

वर्ष सरत आलं आणि एका रविवारी तेलोने वेडेपणा केला. मला पाणी तापवायचा बंब घ्यायचा होता, म्हणून त्याच्या पिकअपमधून निघालो. तो चिलीबद्दल बोलत होता. तिथे समुद्र कसा आहे, डोंगर कसे आहेत, लोक मिरची म्हणून काय खातात. तेलो इतका बोलतोय याचंच मला कौतुक वाटत होतं. रविवार, सकाळची वेळ, हातात स्टिअरिंग. हात आपसूक वळले. मेक्सिकोआधी बाहेर पडायची शेवटची वाट मागे गेली तेव्हा मी नुसती बघत राहिले, कारण रविवारी त्या वाटेने जाणं मलाही बरोबरच वाटलं होतं.

पुलाचा चढ लागला आणि तेलोने करकचून ब्रेक दाबला.

"मावशी, आपण कुठे आहोत?"

"पुलावर."

"पाटी?"

"ती काय, पुढे."

मागे वळायला जागा नाही. दोन्ही बाजूंना कठडे, मागे गाड्यांची रांग. हॉर्न सुरू झाले. आमच्याकडे हॉर्न वाजवताना लोक माणसाच्या आईचा उद्धार करतात, त्यामुळे हर्मिनियाबाईंची त्या दिवशी पुष्कळ आठवण निघाली. तेलो गाडीतून उतरला. शर्ट घामाने भिजलेला.

"मी पुढे येणार नाही, मावशी. गाडी तुम्ही न्या."

"मी? नवरा गेल्यापासून मी गाडीला हात लावलेला नाही."

"मग आज लावा. माझ्या आईचा प्रश्न आहे हो."

आणि हा गडी पाठ फिरवून पुलावरून उलटा चालत सुटला. पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. खाली एका अधिकाऱ्याने अडवलं, कुठून आलास? तेलो म्हणाला, "कुठूनच नाही. गेलोच नाही तर येणार कुठून?" त्याला तासभर बसवून ठेवलं. शेवटी कुणीतरी पुलावरचं चित्रीकरण पाहिलं. त्यात एक जाडा माणूस पाटीकडे बघून पळताना आणि एक म्हातारी गाडीत छातीवर क्रॉसची खूण करताना दिसत होती. सोडून दिलं.

मी पहिल्या गिअरमध्ये देश ओलांडला. पहिल्याच गिअरमध्ये हर्मिनियाबाईंच्या दारात पोहोचले आणि त्यांच्या कुंडीला धडक देऊन थांबले. बाई बाहेर आल्या. गाडी मुलाची, आणि आत मी.

"तो कुठे आहे?"

"पळून गेला. पुलावरून. उलटा."

मला पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्याच्या ताटात वाढलं ते माझ्या लक्षात आलं. मग माझ्याच्याने राहवेना. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. चिली, अर्ज, सलग वर्ष आणि हे कशासाठी चाललंय ते. बाई ऐकत राहिल्या. रस्सा गार झाला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. पुन्हा सांगितलं.

"मला तिकडे नेणार? आणि मी तिकडे जाऊन काय करू?"

"मला काय विचारतेस? त्याला सांग, नको म्हणून."

"त्याला नाही सांगायचं. आणि तूही तोंड उघडायचं नाहीस, तेंचा." अहो जाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. "चाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःहून काही धरून ठेवलंय. आता मी नको म्हटलं तर उद्या परत इथे येऊन ताटाशी बसेल. जाऊ दे त्याला त्या चिलीला."

म्हणजे पोराचं गुपित आईपासून आणि आईचं पोरापासून, आणि मध्ये मी, पातेलं घेऊन.

वर्ष पुरं झालं. अर्ज मंजूर झाला. तेलो चिलीला गेला, दोन वर्षं राहिला. तिथून फोटो पाठवायचा. अक्रोडांचे ढीग, समुद्र, आणि एका फोटोत स्वतः केलेला रस्सा. बारीकही झाला थोडा. परत आल्यावरही आईकडे अगदी क्वचित गेला, वकीलबाईंनी जपून राहायला सांगितलं होतं म्हणून. मग मुलाखत झाली, शपथ झाली. शपथेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून रडले, आणि मला स्वतःचाच राग आला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं हुआरेसला गेलो. तेलोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईच्या जेवणाच्या टेबलावर त्याने तिच्यासाठी करायच्या अर्जाचे कागद मांडले आणि सांगितलं. मी ताटात बघत होते.

"मी येणार नाही," हर्मिनियाबाई म्हणाल्या.

"आई, म्हणजे काय?"

"म्हणजे येणार नाही. तिथे राहायचं म्हणे. इथे यायचं तर वकिलाला विचारायचं. तुझं ते एक वर्ष मी पाहिलंय. मला नाही जमायचं."

तेलोचा चेहरा लाल झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं की मलाही माहीत होतं. "तुम्ही दोघींनी मला इतकी वर्षं..." तो उभा राहिला. "हे सगळं तुझ्यासाठी केलं, आई. दाढ गेली माझी. एवढे रविवार गेले. आधीच नको म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तू विचारलंस कधी?"

तेलोने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"बस," ती म्हणाली. तो बसला नाही. तेव्हा तीच उठली, गुडघ्यावर हात ठेवत. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मला एक धास्ती होती, तेलो. मी गेल्यावर तू रविवारी काय करशील? या दारात येशील आणि कुलूप बघून पायरीवर बसून राहशील, असं मला रात्री दिसायचं. कुणाला सांगणार? मग तू ते वर्ष काढलंस. मग ती दोन वर्षं. मी इथे एकटी जेवत होते आणि मनात म्हणत होते, जमतंय त्याला. माझ्याशिवाय जमतंय. ते मला बघायचं होतं. बघितलं. आता मी सुखाने मरेन, पण आज नाही. आज जेव."

तेलो तसाच उभा होता. मग त्याने कागद गोळा करून शर्टाच्या आत सरकवले आणि खुर्ची ओढली. मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून मनसोक्त रडून घेतलं. बाहेर हर्मिनियाबाई विचारत होत्या की तिकडच्या रश्शात तू मीठ कधी घालायचास, आणि तो सांगत होता की शेवटी, आणि त्या म्हणत होत्या की म्हणूनच फोटोत तो तसा दिसत होता.