नसीमबानो आणि मोठी जाऊ

नसीमबानोला तुम्ही कधीही तब्येत विचारा, ती आधी तिच्या मोठ्या जावेची सांगेल. भाभीला शुगर नाही. भाभीचे गुडघे अजून शाबूत आहेत. भाभीचे केस बघा, या वयातही पाठीवर रुळतात. आणि हे सगळं अशा सुरात, की ते गुडघे आणि ते केस भाभीनं हिच्याच घरातून उचलून नेले असावेत.

नसीम शेंदूरजनाघाटची. बापाचा संत्र्याचा व्यापार, भावांच्या पाठीवर झालेली एकुलती मुलगी, म्हणून घरात पहिला घास हिचा ठरलेला. लग्न होऊन अमरावतीला पिंजाऱ्यांच्या घरी आली, तेव्हा तिला वाटलं इथंही तसंच असेल. पण इथली पहिली जागा आधीच भरलेली होती. सासू नव्हती, सासूच्या जागी मोठी जाऊ होती, जैबून. नसीमचा नवरा शाहनवाज लहान असतानाच त्याची आई वारली होती. नवी नवरी म्हणून आलेल्या जैबूननं त्या पोराला न्हाऊ घातलं, भरवलं, शाळेत धाडलं. त्याला आई आठवत नसे, भाभी आठवे.

लग्नानंतर नसीमनं पहिल्यांदा दालचा केला. अगदी जीव ओतून केला. शाहनवाज बोटं चाटत म्हणाला, "मस्त झाला. भाभीच्या हातची चव नाई, पण येईन हळूहळू." बिचाऱ्यानं कौतुकच केलं होतं. पण नसीमच्या घशात तो घास जो अडकला, तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

पुढे थोरला भाऊ कुर्बान बिऱ्हाड घेऊन अकोल्याला गेला आणि तिथं त्यानं स्वतःचं गाद्या-रजयांचं दुकान टाकलं. भाऊ गळ्यात गळा घालून रडले. नसीमनं मात्र त्या संध्याकाळी शेवया केल्या आणि शेजारणींनाही दिल्या, एखादी मन्नत पुरी झाल्यासारख्या. वाटलं, सुटले. कसची सुटते! अकोल्याच्या घरी फ्रीज आला, हिनं त्याहून मोठा येईस्तोवर नवऱ्याला झोपू दिलं नाही. भाभी हजला जाऊन आली, हिला महिनाभर अन्न गोड लागलं नाही. स्वतःची रजई कितीही गरम असो, हिला दुसऱ्याच्या खाटेवरचीच ऊबदार दिसायची. मुलगा रय्यान हाताशी आला, राजापेठेतलं घरचं गाद्यांचं दुकान त्यानं नीट चालवलं, सून चांगली मिळाली. यातल्या कशानंही तिचं समाधान झालं नाही, कारण यातलं काहीही बघून भाभीनं हाय खाल्ली नव्हती.

मग शाहनवाज विसरू लागला. आधी गादीचं माप विसरला, मग दुकानाचा रस्ता, आणि एके दिवशी नसीमला विसरला. चिडला नाही, ओरडला नाही. उलट फार अदबीनं वागू लागला. दिवेलागणीला म्हणायचा, "बाई, तुमी आता घरी जा. अंधार पडून राहिला. तुमचे घरवाले वाट पायत असतीन."

"मी इथंच रायते," नसीम म्हणायची.

मग तो आणखी संकोचायचा, आणि दाराकडे बघत विचारायचा, "भाभी कुठी गेली?"

बायको विसरला, भाभी नाही विसरला! पुसायचंच होतं तर अल्लानं सगळंच पुसायचं होतं. निवडून निवडून हिचंच नाव पुसलं, आणि जैबूनचं तेवढं ठेवलं. या एका गोष्टीवर नसीम जितकी रडली, तितकी नवऱ्याच्या आजारावरही रडली नसेल.

आणि तिकडे अकोल्यात थोरला कुर्बान, वयानं कितीतरी मोठा, पण ठणठणीत! निदान सगळे तसं म्हणत. म्हणणाऱ्यांत डॉक्टर देवश्रीही होती. म्हातारपणी माणसाची स्मरणशक्ती कशी जाते आणि काहींची का टिकते, याचा अभ्यास करणाऱ्या पथकातली ही तरुण डॉक्टरीण. वर्षातून काही खेपा ती दोन्ही भावांच्या घरी यायची. वार विचारायची, गाव विचारायची, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं ते परत म्हणायला लावायची. दोघांच्या मेंदूचे फोटोही काढून झाले होते.

एके दुपारी ती नसीमकडे आली आणि समोर कागद ठेवून म्हणाली, "काकू, दोघा भावांचा मेंदू फोटोत सारखाच झिजलेला दिसतो. तरी कुर्बानचाचा तग धरून आहेत. एकाच आईची लेकरं, धंदा एक, खाणं एक, मग असं का? हे कळलं तर उद्या कितीतरी घरांना उपयोग होईल. पण हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. म्हणून आम्ही जमवलेली माहिती एका ठिकाणी ठेवणार आहोत. इतर गावांचे, इतर देशांचे संशोधकही ती वापरतील. नाव-पत्ता काढून टाकू. शाहनवाजचाचांच्या वतीनं तुमची संमती हवी. भावाभावांची जोडी आहे म्हणून मोल आहे. एकट्याची माहिती घेऊन तुलना कशाशी करणार?"

म्हणजे अख्ख्या दुनियेनं बघायचं, की एक भाऊ हिरा निघाला आणि दुसरा गोटा. आणि गोटा कुणाचा, तर नसीमचा.

"नाव काढता म्हणता," नसीम म्हणाली, "पण मले तं मालूम राहीन ना, त्यातला माहा कोणता ते." आणि कागद तिनं परत सरकवला.

संध्याकाळी अकोल्याहून भाभीचा फोन. "नसीम, अवं देऊन टाक सही. आमी तं त्याच दिवशी देल्ली. आपल्यामुळं लोकाइचं भलं होते." झालं! नसीमच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांचं भलं करायचा मानही पहिला भाभीचाच.

रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, अकोल्याला जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं की ही बाई नवऱ्याला खाऊ घालते तरी काय. बदाम असतील, एखादा तावीज असेल. काहीतरी आहे, जे तिनं आपल्याला सांगितलं नाही. आगाऊ न कळवता ती गुरुवारी शाहनवाजला घेऊन एसटीत बसली. मूर्तिजापूरपाशी शाहनवाज जागेवरून उठू लागला. "बाई, तुमाले खिडकीपाशी बसाचं काय?" नसीमनं मान हलवली आणि त्याची शाल सारखी केली.

अकोट फैलातल्या घराचं दार उघडंच होतं. दिवाणावर कुर्बान एकटा बसलेला. धुतलेली टोपी, विंचरलेली दाढी. बघूनच नसीमच्या पोटात दुखायला लागलं.

"सलाम, भाईजान."

"वालेकुम सलाम. आज मंगळवार. गाव अकोला."

नसीम थबकली. "तब्येत कशी हाय, भाईजान?"

"आंबा, कुलूप, नदी, खुर्ची, ऊन," कुर्बान एका दमात म्हणाला. आणि धडा म्हणून झालेलं पोर शाबासकीसाठी बघतं, तसं त्यानं आतल्या दाराकडे बघितलं.

नसीमला ते शब्द ओळखीचे होते. देवश्रीचेच पाच शब्द. शाहनवाजला त्यातला एकही कधी आला नव्हता.

"भाईजान, मी कोण?"

कुर्बान तिच्याकडे बघून हसला. ओळखीचं नव्हे, पाहुण्यांसाठी असतं तसलं हसू. मग पुन्हा सुरू झाला, "आंबा, कुलूप..."

खोटं कशाला सांगा, नसीमला आनंद झाला. इतकी वर्षं आत जे धुमसत होतं त्यावर कुणीतरी घागरभर पाणी ओतल्यासारखं वाटलं. मग आपल्या आनंदाची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून आनंद काही कमी झाला नाही.

ओल्या हातांनी जैबून बाहेर आली. दोघांकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडचे शब्द ऐकले, आणि परत आत वळली. नसीम तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"कवापासून, भाभी?"

"दोन वर्सं झाले असतीन." जैबून पाटावर बसली. "डॉक्टरीण पहिल्यांदा आली तवा याले दोनच शब्द आले. मी पडद्याआड उभी होती, मले पाचही पाठ झाले. तवापासून रोज नमाजनंतर याले समोर बसवते. डॉक्टरीण येणार असली का आदल्या दिवशी वार घोकून घेते. मागच्या खेपेले मंगळवार होता, तोच बसला याच्या डोक्यात. बाकीचं मी बाजूले बसून सांभाळते. चहा देता देता डोयानं खुणावते."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ आता नसीमसमोर उघडी पडली होती.

"पण काहून?"

जैबूननं ओले हात ओढणीला पुसले. "तू फोनवर रडली होती, आठवते? शाहनवाज तुले ओळखत नाई म्हणून. मी 'सबर कर' म्हणलं आन् फोन ठेवून देल्ला. त्याच सकाळी यानं मले इचारलं होतं, 'तुमी कोणाकडच्या?' तुले कसं सांगू? तू जिंदगीभर माह्यावर जळली, मले काय समजत नव्हतं? माह्या फ्रीजवर जळली, माह्या केसावर जळली. अवं, मले पोटचं लेकरू नाई. माह्यापाशी होतं काय? तू जळे, तं मले वाटे आपल्यापाशी काईतरी हाय. त्याच्यावरच मी उभी होती. हा बी गेला असं तुले समजलं असतं, तं तू जळणं सोडलं असतं. मंग मी कोण?"

जैबूनला मूल नाही, हे नसीमला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जैबूनकडे काय काय आहे याची उजळणी करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. काय नाही, तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. ती खाली बसली. आपण जिंकलो आहोत हे तिला कळत होतं, पण जिंकल्यावर करायचं काय असतं, ते तिला माहीत नव्हतं. आजवर तशी पाळीच आली नव्हती.

मग ती म्हणाली, "भाभी, हे आता दुनियेत जाईन. तिकडचे लोक याच्यावरून दवा शोधतीन. खोट्यावरून. मी फोन लावते. सांगाचं तुमी."

यात भलेपणा किती आणि सूड किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं देवश्रीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून जैबूनच्या हातात दिला. जैबूननं सगळं सांगितलं, पडद्यापासून मंगळवारपर्यंत.

"चाचणीचे हे गुण खोडावे लागतील, चाची," देवश्री म्हणाली. आवाज कडक होता. "आणि चाचांना पुन्हा तपासावं लागेल, नव्या शब्दांवर. तुम्ही समोर नसताना."

"हो बेटा," जैबून म्हणाली. नसीमच्या जिवाला गारवा मिळाला.

"पण थांबा." देवश्रीचा आवाज बदलला. "इतका झिजलेला मेंदू. त्यात नवीन काही टिकायलाच नको. आणि तुम्ही पाच शब्द टिकवलेत? दोन वर्षं? कसं शिकवलंत? आधी शब्द सांगायच्या की आधी विचारायच्या? चुकल्यावर काय करायच्या? मी उद्याच अकोल्याला येते. मला सगळं नोंदवून घ्यायचंय. शिकवून आलंय असं स्पष्ट लिहू, पण ही माहिती बाकीच्यांपर्यंत गेलीच पाहिजे. नसीमकाकूंची संमती मिळाली तर फार बरं होईल. एकाला असं शिकवलं, एकाला नाही, ही तुलना दुसरीकडे मिळणार नाही."

घ्या! चोरी पकडली, कबुली दिली, आणि तरी पहिला नंबर भाभीचाच. उद्या परदेशातले डॉक्टर जैबूनची रीत वाचणार, आणि नसीमच्या वाट्याला काय, तर 'एकाला नाही.' तिला वाटलं फोन हिसकावून बंद करावा आणि पुढच्या एसटीनं अमरावती गाठावी.

ती उठलीसुद्धा. पण दाराशी येऊन थांबली. बाहेर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. थोरला आपले शब्द म्हणत होता आणि धाकटा माना डोलवत अदबीनं ऐकत होता. जैबून मागून दारात आली, तसा शाहनवाजचा चेहरा उजळला. नसीमकडे बघून तो कधी तसा उजळला होता, ते तिला आठवेना.

तिनं जैबूनच्या हातातला फोन घेतला. "डॉक्टरीणबाई, मी सही देते. कागद घेऊन या उद्या." आणि फोन बंद केला.

मग जावेकडे न बघता ती म्हणाली, "भाभी, भाईजानले पाच शब्द शिकवले तुमी. माह्या माणसाले एकच शिकवा."

कोणता, ते जैबूननं विचारलं नाही. ती शाहनवाजपुढे जाऊन बसली, लहानपणी धरायची तशी तिनं त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड नसीमकडे वळवलं. "शाहनवाज, हे कोण हाय? म्हण, नसीम."

शाहनवाजनं नजर परत भाभीकडे नेली. भाभीकडेच बघत तो आज्ञाधारकपणे म्हणाला, "नसीम."

भाभीनं सांगितलं म्हणून म्हणाला, हे नसीमला कळत होतं. जिवाची नुसती आग झाली. ओढणी तोंडाशी धरून ती म्हणाली, "भाभी, अजून एकदा म्हणायले लावा."