मधुकरदादाचा कीबोर्ड आणि आमचा गंधार

दहा वर्षं एका पार्टीत वाजवलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते आपोआप चिकटतात. माझे तर सगळे भांडणाचेच! लोक ऐकून हसतात. हसा बापडे. मला अजून राग येतो.

आखाडा बाळापूरची आमची गाण्याची पार्टी. जयंती, लग्न, बारसं, बोलावलं की हजर. निर्मलाआक्का गायची, दत्ता ढोलकीवर, मधुकरदादा पेटीवर आणि मी, अशोक, माऊथ ऑर्गनवर. पार्टी मधुकरदादाची, म्हणजे शेवटचा शब्द त्याचा. पेटी सुरात लावायची तर आक्काला समोर बसवायचं, तिनं एकेक स्वर धरायचा आणि त्याला जुळवून पेटी लावायची, अशी आमची रीत. माझा बाजासुद्धा तिच्याच पट्टीचा घेतलेला. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

मग नव्वदच्या दशकात, सगळ्यांनी घेतला म्हणून, दादानं कीबोर्ड आणला.

*

पहिला कार्यक्रम जवळा बाजारला, लग्नाचा. गाणं गंधारावर, म्हणजे सा-रे-ग मधल्या ग वर, येऊन थांबलं. आक्कानं स्वर लांबवला, मी लांबवला, दादानं लांबवला आणि मांडवात "वँव, वँव, वँव" सुरू झालं! बाकीचे स्वर ठीक, पण गंधार आला की झटापट.

"आशोक्या, तुझा बाजा उतरलाय!" दादा ओरडला. माईक चालू. अख्ख्या वऱ्हाडानं ऐकलं.

"दादा, कोरा हाय. कालच डबी फोडली."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

माझा गंधार आक्काच्या गळ्याशी तंतोतंत जुळत होता, हे कुणी बघितलंच नाही. दादाच्या गंधारापेक्षा तो जरासा खाली, एवढाच माझा गुन्हा. नवरीकडचं एक पोरगं जेवणाच्या पंगतीत मला बोट दाखवून "हाच तो उतरलेला" म्हणालं. बुंदीसुद्धा कडू लागली.

*

पुढच्या महिन्यात दादा एक मशीन घेऊन आला. स्वर बरोबर असला की हिरवा दिवा, चुकला की लाल. मला समोर बसवलं. सा वाजवला, हिरवा. प वाजवला, हिरवा. ग वाजवला, लाल!

"घ्या! आता बोल!"

मी म्हणालो, "आक्काला गाऊ द्या." आक्कानं गंधार लावला. लाल. मी कोपऱ्यातली जुनी पेटी ओढली, गंधार दाबला. लाल. मग दादानं आपला कीबोर्ड वाजवला. हिरवा.

"बघितलं?" दादा छाती फुगवून म्हणाला. "तुमी सगळेच बेसूर हाव!"

याच पेटीवर हा माणूस बारा गावं गाजवत फिरला होता! पण मशीन खोटं बोलत नाही म्हणे.

*

दत्ताचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. तो म्हणाला, "आण तुझा बाजा. आतल्या पत्तीचं टोक घासलं की स्वर चढतो. काहून रोज शिव्या खाऊन राहिला?"

घासलं. गंधार चढला, कीबोर्डशी बरोबर जुळला. दादा खूश. साखरा गावच्या लग्नात मी झोकात तीन भोकं एकदम फुंकली, सा, ग आणि प. पूर्वी हे तिन्ही स्वर असे एकजीव लागायचे की माणसाचे डोळे मिटावेत. आता नुसती गुरगुर! नवरदेवाचा मामा ताटावरून उठला.

"जीपगाडी चालूच ठिवली का रे कुनी?"

शेवटी नांदेडच्या वाद्यांच्या दुकानदारानं उलगडा केला. तीन भोकं एकदम गोड लागावीत म्हणून कंपनीच गंधार मुद्दाम खाली ठेवते. कीबोर्ड कुठल्याही पट्टीतून वाजवायचा असतो, म्हणून त्याचे स्वर सारख्या अंतरावर बसवतात आणि त्यात गंधार जरा चढतो. "दोघंबी आपापल्या जागी बरोबर," तो म्हणाला.

दोघंही बरोबर! मग शिव्या मी एकट्यानंच का खायच्या? हे दादाला सांगितलं तर म्हणे, "दुकानदाराला काय, त्याला विकायचं असतं!"

*

विकलंच त्यानं. मी दोन बाजे घेऊन आलो. एक पहिल्यासारखा, एक कीबोर्डशी जुळणारा. डाव्या खिशात आक्काचा, उजव्या खिशात दादाचा. आक्का गात असली की डावा, नुसता कीबोर्ड वाजत असला की उजवा. दोन डगरींवर पाय.

एका बारशाला आक्का पाळणा म्हणत होती, तिच्यासोबत एकटा मी. गडबडीत हात उजव्या खिशात गेला. गंधार आला आणि आक्कानं गाता गाता माझ्याकडं वळून बघितलं. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाली, "अशोक, तू बी?"

दादाच्या सगळ्या शिव्या एकीकडं आणि हे तीन शब्द एकीकडं. उजव्या खिशातला बाजा मी त्याच दिवशी दत्ताला देऊन टाकला.

*

जयंती आठ दिवसांवर आली आणि तालमीत दादानं तोंड उघडलं. "आक्का, कीबोर्ड ऐकून गात जा. न्हाई तर जयंतीला दुसरी पोरगी आणतो."

आक्का पोरवयापासून बाळापुरात जयंतीला गात आलेली. एक वर्ष चुकलं नव्हतं. ती म्हणाली, "ही गाणी मी मायसंगं जात्यावर शिकले, मधुकरा. तिथं कोन्ता कीबोर्ड व्हता?"

"आक्का न्हाई तर मी बी न्हाई," मी म्हणालो.

"जा की! दोघं बी जा!"

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

जयंतीच्या संध्याकाळी दादानं खरंच दुसरी पोरगी उभी केली. आक्का आणि मी खाली लोकांत बसलेलो. बिचारी नीटच गात होती. पण पुढं बसलेल्या बायका दोन गाण्यांतच चुळबुळ करायला लागल्या. एक म्हातारी उठून उभी राहिली.

"आमची निर्मला कुठाय? तिला काहून खाली बसवलं?"

मग सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. दादाचं तोंड लालबुंद झालं, पण त्यानं हात केला. आक्का स्टेजवर चढली, तिच्यामागं मी.

"तू तुझं वाजव," आक्का दादाला म्हणाली. "मी माझं गाईन."

पहिल्या कडव्यात तेच, "वँव, वँव!" आक्का मागं हटेना, दादा मागं हटेना. मी तर जीव खाऊन फुंकत होतो. दुसरं कडवं सुरू झालं, गंधार आला आणि सगळं एकदम स्वच्छ लागलं. मला वाटलं, कीबोर्डची वायर निघाली. बघतो तर दादाची बोटं चालूच! सगळे स्वर वाजवत होता, फक्त गंधारावर बोट उचलायचं आणि पुढं जायचं. शेवटच्या कडव्यापर्यंत तसंच. बायका डोळे पुसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. "दादा, गंधार काहून सोडला?"

"पट्टी खराब झाली."

"कवा?"

"आत्ताच."

मी हात लांब करून ती पट्टी दाबली. अख्ख्या मैदानात खणखणीत वाजली.

दादानं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. "खराब झाली म्हनलं ना! हात लावू नको!"